काशीच्या माशांसाठी ओव्याचं तेल

मित्रांनो, भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या आमच्या घरी तुम्ही कधी आलात, तर आधी तुमचे कान किटतील. पुढच्या खोलीत लूम, म्हणजे विजेवरचे माग, चालतात आणि ते चालू असले की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. त्या लूमच्या मागे, सुताच्या बाचक्यांआड, डोक्यावर कापसाच्या तुसांचा थर घेऊन जी बसलेली दिसेल ती मी. मी एक जुनी देग आहे. देग म्हणजे अर्क आणि सुगंधी तेलं काढायचं तांब्याचं मोठं भांडं. भंगार म्हणू नका हं! भंगारवाल्यानं मला एकदा टिचकी मारून पाहिली होती, आणि माझा आवाज ऐकून तो स्वतःच म्हणाला होता की माल अस्सल आहे.

हल्ली माझ्याशी बोलायला कुणी येत नाही. तुम्ही सापडला आहात तर सगळंच सांगून टाकते. जांभया द्या हवं तर, पण उठून जाऊ नका.

मला एका तांबटानं ठोकून ठोकून घडवलं. ठोके खाताना फार राग येई, पण त्यामुळेच माझ्या पोटाला असा गोल डौल आला. मला घरी आणलं ते मोहिउद्दीन अत्तारांनी. हे कोकणी मुसलमान घराणं, खाडीकाठचं, पिढ्यान्‌पिढ्या अर्क-तेलांचा धंदा करणारं. लग्नाघरी गुलाबपाणी, उन्हाळ्यात वाळ्याचा अर्क, पोटदुखीला ओव्याचं पाणी, सगळं माझ्या पोटातून निघे. रीत सोपी होती. आत पाणी आणि माल घालायचा, झाकण ठेवून कणकेनं सांधा लिंपायचा आणि खाली मंद जाळ लावायचा. वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात बसवलेल्या भांड्यात उतरे. तिथं तिचं पुन्हा पाणी होई आणि त्या पाण्यावर तेल तरंगे.

या घरात एक गोष्ट मात्र वेगळी होती. इथं तेलाला तराजू लावत नसत आणि माप लिहूनही ठेवत नसत. मोहिउद्दीन म्हणत, अत्तारानं तराजू घेतला तर नाक आळशी होतं. थेंब बोटावर घ्यायचा, मनगटावर चोळायचा, हुंगायचा आणि नाक म्हणेल तिथं हात थांबवायचा. त्यांनी हे मुलाला, महमूदला, शिकवायचा प्रयत्न केला. पण महमूदचा जीव यंत्रांत. शिकली ती त्यांची थोरली मुलगी, खदीजा.

खदीजा लग्न होऊन गेली आणि काही वर्षांनी विधवा होऊन परत आली. मूलबाळ नव्हतं. तोवर मोहिउद्दीनही थकले होते, आणि ते गेल्यावर माझ्यासमोरच्या पाटावर ती बसू लागली. बाहेर भिवंडी बदलत होती. ज्याच्या त्याच्या घरात लूम आले. महमूदनंही पुढच्या खोलीत लूम टाकले. गुलाबाच्या वासाची खोली मशीनच्या तेलाच्या वासाची झाली. मला फार अपमान वाटला, पण खदीजा शेजारी होती तोवर चाललं.

मग चौऱ्याऐंशीच्या सुमारास तिला मुदतीचा ताप आला. तापातून उठून ती पहिल्यांदा माझ्यापाशी आली, ओव्याच्या तेलाची बाटली उघडली, नाकाशी धरली, आणि तिचा चेहरा हललाच नाही. अहो, ओव्याचं तेल! त्यानं झोपलेला रेडा शिंकत उठेल. तिनं बाटली पुन्हा धरली. मग कांदा फोडून पाहिला, मग रॉकेलचा डबा उघडून पाहिला. शेवटी ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. पुढे लूम चालू होते, कुणाला ऐकू गेलं नाही. मला दिसत होतं, पण माझं तोंड एवढं मोठं असूनही त्यातून शब्द काही फुटत नाही.

तिनं ते कुणालाही सांगितलं नाही. का, ते मला ठाऊक होतं. महमूद एकदा बोलून गेला होता की या मागच्या जागेत आणखी दोन लूम बसतील. वास न येणारी अत्तारीण म्हटल्यावर हा धंदा संपला, देग वजनावर गेली, आणि खदीजा मग कोण? भावाच्या घरात तांदूळ निवडणारी विधवा बहीण. एवढंच उरायचं तिला भय होतं. म्हणून ती आठवणीवर काम करू लागली. गुलाबाला जाळ किती, तुळशीला किती, बुडबुडा कसा दिसला की थांबायचं, हे हातात बसलेलं होतं. जुनी गिऱ्हाइकं खूश होती. नवं काही कुणी मागितलं तर मात्र ती काहीतरी सबब सांगून टाळी. हळूहळू ती बोलायचीही कमी झाली. घरातली माणसंही तिच्याशी कमी बोलू लागली. मला वाटे, कामाच्या धांदलीत असतील.

तिच्याशी पोटभर बोलणारी एकच बाई होती, काशी. पडघ्याच्या पलीकडच्या गावातली. ती गवती चहाच्या जुड्या घेऊन यायची, नाक्यावर थोड्या विकायची आणि उरलेल्या खदीजाला द्यायची. चहा प्यायची, गावच्या गोष्टी सांगायची, माझ्या पोटावर पाठ टेकून बसायची. तिचा नवरा नवशा. दोघांनी गावचं तळं ठेक्यानं घेऊन त्यात रोहू आणि कटला सोडले होते. काशीला माशांचा फार लळा. खाणं टाकायला ती काठावर उभी राहिली की मासे तिच्या बांगड्यांच्या आवाजाला वर येत, असं ती सांगायची. मला ते खरं वाटत नसे, पण मग मी ते पाहिलं. ते पुढे सांगते.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात काशी आली ती जुड्या न घेताच. जमिनीवरच बसली आणि म्हणाली, “खदीजाबाय, मासं जितं कुजतान. शेपट्या गलून पडतान.”

तिनं सगळं सांगितलं. आदल्या वर्षी असाच रोग आला होता. अंगावर लाल चट्टे, पर झडलेले, खवले निघालेले. तेव्हा कुणीतरी कोंबड्यांना देतात ती पिवळी पूड आणून दिली होती आणि मासे बरे झाले होते. मग काय, मासा जरा सुस्त दिसला की नवशा पूड टाकी. यंदा खरा रोग आला आणि पूड काही केल्या लागू पडेना. मत्स्य खात्याचा एक साहेब येऊन पाहून गेला. भला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं की हे डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचं काम आहे, आणि सारखी पूड टाकल्यानं ते जंतू पुडीला निर्ढावले आहेत. वनस्पतींच्या तेलांनी असे जंतू काचेच्या बशीत मरतात, असं त्याच्या वाचनात आलं होतं. पण तळ्यातल्या माशाला ते तेल द्यायचं कसं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तेलाचं नाव निघाल्यावर काशी थेट आमच्याकडे आली होती.

मला वाटलं, खदीजा नेहमीसारखी सबब सांगेल. पण ती काशीशेजारी जमिनीवर येऊन बसली. तिच्या वडलांनी सडलेल्या हिरड्यांना, चिघळलेल्या जखमांना ओव्याचंच तेल लावलेलं तिनं पाहिलं होतं. आणि काशीला नाही म्हणणं तिला जमेना. तिनं वाण्याकडून ओवा मागवला.

किती दिवसांनी माझ्या पोटात तसा कडक माल पडला! तेल झकास उतरलं. ते सगळ्या तळ्यात ओतलं तर वरच तरंगत राहील, म्हणून ते खाण्यातून द्यायचं असं ठरलं. कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड यांच्या गोळ्यांत तेल मळायचं. पण किती? इथं जुनी आठवण कामाची नव्हती. माशांचं औषध या घरात कुणी केलंच नव्हतं. इथं नाकच हवं होतं. खदीजानं बोटावर थेंब घेतला, सवयीनं हुंगला, मान हलवली आणि अंदाजानं ओतलं. मी आतून ओरडत होते, अगं बाई, थांब! पण माझं कोण ऐकतंय.

माशांनी ते गोळे तोंडातही धरले नाहीत. गोळे तळाशी जाऊन पडले आणि मासे मरतच राहिले. काशीनं येऊन सांगितलं, तेव्हा खदीजाला वाटलं तेल कमी पडलं. तिनं आणखी घातलं. काशी ते घेऊन गेली. तिला मळताना काय होत होतं ते तिनं सांगितलं नाही, आणि खदीजानं विचारलं नाही.

काशी पुन्हा आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. तळ्याच्या काठावर मेलेल्या माशांची रास लागली होती. नवशा म्हणत होता की आता सगळं तळं उपसून टाकू. ती हे सांगत होती आणि तेवढ्यात वीज गेली. लूम एकदम थांबले. भिवंडीत वीज गेली की अशी शांतता होते की माणसाला आपलाच श्वास ऐकू येतो. काशीनं खाली बघत हळूच विचारलं, “खदीजाबाय, राग न्हाय ना येनार? तेलाचा वास लय जबर हाय. गोलं मलताना माझं डोलं जलतान. मना वाटलं, अवषद हाय, आसंच आसल.”

खदीजानं बाटली उचलली, परत ठेवली. मग म्हणाली, “काशी, मना वासच येत नाय. त्या तापापासून. कुनाला सांगू नको.”

मित्रांनो, पाच वर्षं मी ही एक गोष्ट पोटात ठेवून बसले होते. ती बाहेर पडली तेव्हा मलाच हलकं वाटलं. काशी अरेरे म्हणाली नाही, की डोळ्यांना पदर लावला नाही. तिनं बाटलीचं बूच काढलं, हुंगलं, नाक मुरडलं आणि म्हणाली की आता हुंगायचं काम माझं, बाकीचं तुमचं.

पण ते घरात कसं करायचं? काशी हुंगणार, मोठ्यानं सांगणार, आणि घरभर कळणार. म्हणून दोघींनी ठरवलं की मलाच तळ्यावर न्यायचं. खदीजानं भावाला सांगितलं की गावात सरपण फुकट आहे. मला वाटलं, महमूद शंभर प्रश्न विचारेल. त्यानं एकही विचारला नाही. कापडाचे तागे नेणारा टेम्पो त्यानंच बोलावला आणि मी डगमगू नये म्हणून माझ्या दोन्ही बाजूंना सुताची बाचकी लावली. आम्हाला दोघींना त्याचं नवल वाटलं.

माझ्या आयुष्यातली ती एकच सहल. भिवंडीतलं टेमघर मागे पडलं, मग शेतं लागली, मग पडघ्याच्या बाजाराची गर्दी, आणि मग ते तळं. मला काठावर तीन दगडांवर बसवलं. काशी पाण्याशी गेली, बांगड्या वाजल्या, आणि खरंच हो, मासे वर आले. कुणाची शेपटी अर्धी, कुणाच्या पाठीवर लाल खड्डा, पण आले. ते पाहून खदीजा पाण्याच्या कडेशी गेली आणि एकेका माशाला निरखू लागली.

मग त्या दोघींचं काम सुरू झालं. खदीजाला वडलांची आणखी एक शिकवण आठवली, की कडक अर्काला बैठक लागते, तो नुसता कधी वापरू नये. अत्तरात ती बैठक चंदनाच्या तेलाची असते. इथं तिनं शेंगदाण्याचं तेल घेतलं, त्यात ओव्याच्या तेलाचे थेंब टाकून मुरू दिलं आणि मग ते कोंड्यापेंडीत मळलं. काशी गोळा नाकाशी धरी आणि सांगे, अजून जबर, अजून जबर. खदीजा कमी करत गेली. शेवटी काशी म्हणाली की आता भज्याच्या पिठाएवढा वास येतोय. तो गोळा पाण्यात टाकला. एक कटला आला, घुटमळला, मागे गेला, पुन्हा आला आणि गोळा घेऊन खाली बुडाला. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या.

खोटं कशाला सांगू? जादू काही झाली नाही. जे मासे फार कुजले होते ते मेलेच. नवशानं तळाचा गाळही काढला, नवं पाणीही सोडलं, त्याचाही गुण असेल. पण नव्या माशांना चट्टे येणं थांबलं आणि अर्ध्या शेपटीचे मासे पुन्हा नीट पोहू लागले. तळं वाचलं. त्या दिवसांत खदीजा मोठ्यानं हसायची. तिथं तिला कुणापासून काही लपवायचं नव्हतं. काय वास येतोय गं, असं ती येता-जाता विचारायची आणि काशी काहीबाही सांगायची, शेणाचा, चुलीचा, नवशाच्या बिडीचा.

त्यानंतरची काही वर्षं माझी भरभराटीची. आजूबाजूच्या तळ्यांवरची माणसं तेल मागायला येऊ लागली. दर वर्षी आतून कल्हई, बाहेरून चिंचेनं घासणं, काय थाट होता माझा! काशी आठवड्याला यायची, दार लावून हुंगायची आणि बोटांनी खूण करायची. बाहेर कुणाला काही कळलं नाही, असं आम्ही समजत होतो.

मग दुकानांतून माशांसाठी तयार औषधांच्या बाटल्या आल्या. गोळे मळत कोण बसणार? गरज सरो, वैद्य मरो. एकेक करून माणसं यायची थांबली. तरी काशी येत होती. पण पडघ्याच्या रस्त्याला गोदामं उठू लागली. तळ्याच्या वरच्या अंगाला भराव पडला, येणारं पाणी अडलं आणि दोन उन्हाळ्यांत तळं आटलं. नवशा एका गोदामावर पहारेकरी झाला, काशी तिथंच झाडलोट करू लागली. रोजची ड्युटी, सुट्टी नाही. तिचं येणं महिन्यावर गेलं, मग सणावर, मग तेही नाही.

खदीजानं जाळ लावणं सोडून दिलं. पण ती रोज माझ्यासमोर येऊन बसायची. माझ्या अंगावरची कापसाची तुसं एकेक करून काढायची आणि काही न बोलता उठून जायची. तिला फार एकटं वाटत होतं, मित्रांनो. मलाही वाटत होतं. आम्ही दोघी एकमेकींसमोर बसून एकट्याच होतो. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात दम्यानं ती गेली.

काशीला कुणाकडून तरी कळलं आणि ती चाळिसाव्या दिवशीच्या विधीला आली. शुक्रवार होता, लूम बंद होते. फातिहा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, झाल्यावर माणसं पांगली. काशी मागे माझ्यापाशी येऊन बसली. थोड्या वेळानं महमूदही आला आणि उभाच राहिला. त्याचे केस पांढरे झालेले मी तेव्हाच नीट पाहिले.

तो म्हणाला, “आपाचं नाक गेलेलं आम्हाला ठाऊक होतं.”

थोरल्या बहिणीला तो आपा म्हणे. काशीनं मान वर केली. महमूद सांगत गेला. तापातून उठल्यावर महिन्याभरातच साजिदाची, म्हणजे त्याच्या बायकोची, डाळ चुलीवर करपून काळी झाली होती. घरभर धूर कोंदला होता, आणि आपा शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती, तिला पत्ताच नव्हता. तेव्हाच सगळ्यांना कळलं. मग घरात ठरलं की आपासमोर वासाचं नावही काढायचं नाही. बिर्याणीचा सुगंध सुटला म्हणायचं नाही, मुलांनी फूल आणलं तर तिला दाखवायचं नाही. चुकून तोंडून जाईल या भीतीनं मुलं तिच्याशी बोलायचीच कमी झाली. दोन लूम घ्यायचे होते, तेही त्यानं घेतले नाहीत. जागेचं नाव काढलं तर आपाला संशय येईल. टेम्पोच्या वेळी त्याला सगळं समजलं होतं, आणि काशी येते याचा त्याला किती आधार वाटायचा, तेही त्यानं सांगितलं.

काशीनं विचारलं, “मंग तिला बोललाव का न्हाय?”

“तिला वाईट वाटेल म्हणून.”

काशीनं माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, “वाईट वाटलं आसतं. रडली आसती. पन तुमच्यापुढं रडली आसती ना, भाऊ. हितं भिंतीपुढं रडत व्हती.”

महमूद तिथंच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. काशी त्याच्या शेजारी बसून राहिली. मी माझ्या जागी होते. तेरा वर्षं मी त्याच घरात होते, तरी मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं की ही माणसं तिला विसरली. ती तर सगळी तिच्यासाठीच जीव मुठीत धरून गप्प बसली होती. आणि त्या सगळ्यांच्या मायेच्या मधोमध माझी खदीजा तेरा वर्षं एकटी होती.

त्या दिवसानंतर काशी पुन्हा आली नाही. महमूदनं मला विकलं नाही, पण पेटवणार कोण? मी इथंच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या भांड्यांना टाकू नका, असं मी खरं तर तुम्हाला सांगायला हवं. सांगतेही. तांबं काळं पडलं तर चिंच लावा, ते पुन्हा उजळतं. वर्षातून एकदा कल्हई करा, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण माझं राहू द्या, मी भांडं आहे, मी आणखी शंभर वर्षं अशीच बसून राहीन. तुमच्या घरात कुणी एकाएकी कमी बोलू लागलं असेल, आणि त्याचं कारण तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. आज घरी गेलात की त्याच्याजवळ बसा आणि विचारा. वाईट वाटू दे त्याला. तुम्ही शेजारी असाल ना.